गाठ छातीत, आजार हाडांत: मग ऑपरेशन का करत नाहीत?

रानजाई

मोठ्या नणंदेबद्दल विचारायचं आहे. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो. वय ५८, कराडपासून थोडं आत गाव. उजव्या स्तनात गाठ होती, ती वर्षभर अंगावर काढली. दुखत नव्हती ना! मग कंबर धरली म्हणून एक्स-रे काढला आणि तिथून सगळं बाहेर आलं. पेट-स्कॅनमध्ये कॅन्सर दोन मणक्यांत आणि डाव्या खुब्यात गेलेला दिसला. फुप्फुस, यकृत साफ. बायॉप्सीत ई.आर., पी.आर. पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू (पेशी वाढवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह.

परळला टाटामध्ये दाखवलं. तिथे म्हणाले, ऑपरेशन आत्ता नाही. लेट्रोझोल (हार्मोन कमी करणारी गोळी) रोज, रायबोसिक्लिब (पेशींची वाढ रोखणारी गोळी) तीन आठवडे घ्यायची आणि एक आठवडा बंद, शिवाय हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन.

घरी आल्यापासून रोज रणकंदन चालू आहे. सासरे म्हणतात, "खोड तसंच ठेवून फांद्यांना औषध मारताय होय?" दिरांनी जिल्ह्याच्या गावी एका सर्जनना फाइल दाखवली, त्यांनी तर तारीखच दिली. म्हणाले, काढून टाकू, मोकळ्या व्हाल. ताईंचे यजमान दोन्हीकडे मान डोलावतात. नवरा मला म्हणतो, तू शिकलेली आहेस, तूच शोधून सांग. शोधलं तर निम्मे लोक म्हणतात काढा, निम्मे म्हणतात काढू नका.

इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. गाठ हाताला लागतेय, डोळ्यांना दिसतेय आणि ती काढायची नाही, यामागे नेमकं काय आहे?

पावशेर

वाचतोय. ताईंना लवकर आराम पडो.

भुईशेंग

काढून टाका, कशाला विचार करताय. माझ्या काकूंचं २००९ साली काढलं. आज काकू पंढरीची वारी पायी करतात.

तिरफळ

भुईशेंग, काकूंचा आजार हाडात गेला होता का?

भुईशेंग

नाही. काखेत एक गाठ होती म्हणे. तेवढीच.

तिरफळ

मग ती गोष्टच वेगळी झाली हो. काकूंना शुभेच्छा, पण इथे लागू नाही.

गावठी_डॉक्टर

तालुक्याच्या ठिकाणी जनरल सर्जन आहे. स्तनाची ऑपरेशनं मीही करतो, तेव्हा हे लिहिणं स्वतःच्याच पोटावर पाय आणणारं आहे असं समजून वाचा.

आजार स्तनात आणि काखेतच असतो तेव्हा ऑपरेशन हा उपचाराचा कणा असतो. गाठ काढली, काख साफ केली, पुढे औषधं आणि गरजेप्रमाणे शेक (रेडिएशन) दिला की पुष्कळ बायका कायमच्या बऱ्या होतात. त्या टप्प्यावर कुणी ऑपरेशन टाळत असेल तर त्याचे कान धरा. (हे ठळक अक्षरात वाचा. नाहीतर या धाग्याचा उलटा अर्थ घेऊन कुणी दुसऱ्या स्टेजची गाठ घेऊन घरी बसायचं.)

ताईंचं तसं नाही. निदान झालं त्याच दिवशी आजार हाडात होता. स्तन हा काही जगायला लागणारा अवयव नाही, त्यामुळे स्तनातल्या गाठीने सहसा जीव जात नाही. जीव जातो तो यकृत, फुप्फुस, मेंदू यांत आजार वाढला म्हणजे. तिथवर सुरी पोचत नाही, रक्तातून जाणारं औषध पोचतं. तुमच्या सासऱ्यांना सांगा, अण्णा, हे झाड वडाचं आहे. पारंब्या जमिनीत गेल्या की त्या स्वतःच्या मुळावर उभ्या राहतात. मधलं खोड तोडून वड मरत नाही.

आता पुरावा. ज्या इस्पितळातून तुम्ही आलात तिथेच हा प्रश्न तपासला गेला आहे. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियलला २००५ ते २०१३ या काळात ३५० बायकांवर चाचणी केली. सगळ्या जणी अशा, की पहिल्या तपासणीतच आजार पसरलेला होता आणि औषधाने तो उतरायला लागला होता. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. १७३ जणींचं ऑपरेशन केलं, काख साफ केली, जिथे लागेल तिथे रेडिएशन दिलं. १७७ जणींच्या गाठीला हात लावला नाही. दोन वर्षांनी हयात किती? ऑपरेशनवाल्या ४१.९ टक्के, बिनऑपरेशनच्या ४३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. २०१५ साली हे लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

त्यातली एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. ऑपरेशन केलेल्यांच्या छातीत आजार पुन्हा वाढायचं प्रमाण खूप कमी झालं, ते अपेक्षितच होतं. पण दूरच्या अवयवांत आजार वाढण्याचं प्रमाण त्याच गटात जास्त निघालं. मूळ गाठ काढली की उरलेल्या गाठींतल्या पेशी जोरात वाढायला लागतात, हे बर्नार्ड फिशर यांच्या चमूने १९७९ साली उंदरांत दाखवलं होतं. माणसातही तसंच होतं असं यावरून छातीठोक म्हणता येणार नाही. पण "काढून टाकलं तर तोटा तर नाही ना" हे आपण जे सहज बोलतो, ते इतकं सरळ नाही.

शंकेखोर

डॉक्टर, मान राखून विचारतो. मोठ्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशनची रांग महिनोन् महिने असते. चौथ्या स्टेजच्या (म्हणजे आजार दूरवर पसरलेल्या) बाईला टेबल देण्यापेक्षा दुसऱ्या स्टेजच्या बाईला द्यावं, असा हिशोब या "नको"मागे नसेल कशावरून? हिशोब असला तर तो कदाचित बरोबरही असेल, पण मग तसं सांगावं.

दुसरं. मी तो टाटाचा अभ्यास वाचलाय. त्यात हर-टू पॉझिटिव्ह बायकांपैकी बहुतेकींना ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध मिळालंच नव्हतं, कारण परवडत नव्हतं. दोन्ही गटांचं निम्मं आयुष्यमान (म्हणजे निम्म्या जणी जेवढा काळ जगल्या तो) दीड-दोन वर्षांच्या आसपास. अशा परिस्थितीत ऑपरेशनचा फायदा दिसणार कधी? तो दिसायला माणूस तेवढं जगायला तर पाहिजे.

गावठी_डॉक्टर

दुसरा मुद्दा अगदी रास्त आहे. चाचणी आली तेव्हा परदेशातल्या सर्जनांनीही हाच आक्षेप घेतला होता. पहिल्याचं उत्तर असं की त्या चाचणीत १७३ जणींची ऑपरेशनं केलीच ना! टेबल वाचवायचं असतं तर ती केली नसती. ओपीडी आहे, बाकीचं संध्याकाळी लिहितो.

आकडेमोड

मी डॉक्टर नाही. शिकागोजवळ राहतो, औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणं हा धंदा. शंकेखोर यांच्या प्रश्नाचं उत्तर योगायोगाने आमच्याच शहरातून आलं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

हा वाद पेटला २००२ साली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या सर्जन डॉ. सीमा खान यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदींमधून १६,०२३ बायकांची माहिती काढली. सगळ्या चौथ्या स्टेजच्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि ज्यांची गाठ पूर्ण निघाली त्यांचा मृत्यूचा धोका जवळजवळ ३९ टक्के कमी दिसत होता. एवढा मोठा आकडा! मग जगभरातून तसेच अहवाल आले आणि सगळे एकाच सुरात, काढा म्हणून.

पण त्या नोंदींमध्ये ऑपरेशन कुणाचं झालं होतं ते बघा. जिचं वय कमी, तब्येत धडधाकट, आजार एखाद्याच जागी, तिला सर्जन टेबलावर घेतो. जिला धाप लागलीय, कावीळ झालीय, तिला कोण घेईल? शिवाय ऑपरेशनची तारीख येईपर्यंत जी जगली, तीच ऑपरेशनच्या गटात मोजली गेली; जी आधीच गेली ती आपोआप दुसऱ्या गटात. आणखी एक गंमत म्हणजे काही जणींचं ऑपरेशन आधी झालं आणि नंतर स्कॅनमध्ये कुठेतरी बारीकसा ठिपका सापडला, म्हणून त्या चौथ्या स्टेजमध्ये ढकलल्या गेल्या. म्हणजे ज्या मुळातच जास्त जगणार होत्या त्यांचीच ऑपरेशनं झाली होती, आणि श्रेय गेलं सुरीला. आमच्या धंद्यात हा सापळा रोज दिसतो, तरी दर वेळी कुणीतरी पडतंच.

मला कौतुक याचं वाटतं की त्याच सीमा खान यांनी पुढे चिठ्ठ्या टाकून चाचणी केली. ई-२१०८ तिचं नाव. आधी सगळ्यांना चार ते आठ महिने त्यांच्या त्यांच्या आजाराला योग्य अशी आधुनिक औषधं दिली, हर-टूवाल्यांना हर-टूची, हार्मोनवाल्यांना हार्मोनची. आजार आटोक्यात राहिला अशा २५६ जणींचे दोन गट केले. २०२० साली निकाल आला. तीन वर्षांनी हयात: ऑपरेशन केलेल्या ६८.४ टक्के, न केलेल्या ६७.९ टक्के. निम्मं आयुष्यमान ५४.९ महिने आणि ५३.१ महिने. म्हणजे शंकेखोर म्हणतात तसा पुरेसा वेळ मिळाला, औषधं मिळाली, तरी फरक पडला नाही. ज्या बाईंच्या अहवालाने लाट आणली, त्यांनीच ती परतवली.

आणखी एक. छातीतला आजार वाढायचं प्रमाण ऑपरेशनमुळे कमी झालं, ३९.८ वरून १६.३ टक्क्यांवर. मग ऑपरेशन केलेल्या बायकांना निदान जास्त बरं वाटायला हवं होतं की नाही? प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. दीड वर्षाच्या टप्प्यावर ऑपरेशनवाल्यांचं उत्तर उलट जास्त वाईट आलं. बाकीच्या टप्प्यांवर सारखंच.

शंकेखोर

छान समजावलंत. पण तुर्कस्तानचं विसरलात. तिथे पाच वर्षांनी ऑपरेशनवाल्या ४१.६ टक्के हयात आणि बाकीच्या २४.४ टक्के. चिठ्ठ्या टाकूनच केलेली चाचणी आहे ती, २७४ बायकांची. ती सोयीस्करपणे गाळायची का?

आकडेमोड

गाळत नाही, लांबलं म्हणून थांबलो होतो.

तुर्कस्तानात पद्धत वेगळी होती. आधी ऑपरेशन, मग औषध. तीन वर्षांपर्यंत दोन्ही गट बरोबरीत होते, पाच वर्षांवर फरक दिसला. पण चिठ्ठ्या टाकूनही गट समान पडले नाहीत, लहान चाचणीत असं होतं. ऑपरेशनच्या गटात हार्मोन पॉझिटिव्ह जास्त, ट्रिपल निगेटिव्ह (ई.आर., पी.आर., हर-टू तिन्ही नसलेल्या) कमी, वय कमी, हाडात एकाच जागी आजार असलेल्या जास्त. म्हणजे पत्ते वाटतानाच एका बाजूला हुकुमाची पानं गेली. फायदा सुरीचा की पानांचा, हे त्या आकड्यांतून सुटं करता येत नाही.

ऑस्ट्रियातल्या चाचणीत ९० जणी आल्या आणि भरती होईना म्हणून ती बंद करावी लागली. तिथेही ऑपरेशनचा फायदा दिसला नाही. जपानने चारशेच्या वर बायकांवर केली, २०२४ साली निकाल सांगितला, एकंदरीत आयुष्यमानात ठोस फरक नाही. पाळी चालू असलेल्या बायकांत थोडा फायदा असेल अशी तिथे खूण दिसते, पण उपगट पाडत गेलं की काहीतरी खूण दिसतेच. मी त्यावर पैज लावणार नाही. तुर्कांनीच नंतर फक्त हाडात आजार असलेल्या ५०५ बायकांची नोंद ठेवली आणि त्यातही ऑपरेशनवाल्या जास्त जगल्या. ताईंची केस तशीच आहे म्हणून मुद्दाम सांगतोय, कारण कुणीतरी तो अहवाल तुमच्या हातात देईलच. त्यात चिठ्ठ्या नव्हत्या. कुणाला टेबलावर घ्यायचं ते डॉक्टर आणि रुग्ण ठरवत होते. म्हणजे गाडी पुन्हा २००२ च्या स्टेशनात.

संपादक मंडळ

अर्क आणि काढ्याची जाहिरात असलेला एक प्रतिसाद उडवला आहे. फोन नंबर टाकून उपचार विकू नयेत.

अबोली

मी या धाग्यावर लिहू की नको असं चाललं होतं. मी स्वतः चौथ्या स्टेजची. हर-टू पॉझिटिव्ह, निदान झालं तेव्हाच यकृतात होतं. ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही हर-टूची औषधं चालू झाली, बरोबर केमो. केस गेले, आले, पुन्हा कुरळे आले (हा मात्र बोनस). काही महिन्यांत गाठ हाताला लागेनाशी झाली. ऑपरेशन झालेलं नाही. आज मी नोकरी करते, लोकलने जाते, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेऊन येते.

पण मला ती "काढून टाका"ची ओढ माहीत आहे. पहिले काही महिने आंघोळ करताना हात तिथेच जायचा. साबण लावताना मी दुसरीकडे बघायचे. शरीरात एक शत्रू आहे, त्याचा पत्ता मला ठाऊक आहे आणि डॉक्टर म्हणतायत राहू दे, हे पचवायला जड जातं. मी डॉक्टरांशी भांडले होते. त्यांनी एकच विचारलं, "ऑपरेशन झालं तर जखम भरेपर्यंत आणि हात वर जाईपर्यंत औषध थांबवावं लागेल. यकृतातल्या गाठीला तेवढी सुट्टी द्यायची का?" त्यावर मी गप्प झाले.

रानजाई, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये सासरे आहेत, दीर आहेत, नवरा आहे, ताईंचे यजमान आहेत. ताई काय म्हणतात?

रानजाई

अबोली, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. खरं सांगायचं तर ताईंना कुणी विचारलेलंच नाही. त्यांच्यासमोर "गाठ" म्हणतात, आजाराचं नाव घेत नाहीत. त्या पण विचारत नाहीत. पण गोळ्यांच्या पाकिटाचा कागद त्यांनी घडी करून उशीखाली ठेवलाय हे मी पाहिलंय. चौथी शिकलेल्या आहेत, वाचता येतं.

तिरफळ

दुसरी बाजू मांडते. वरच्या आकड्यांशी माझं भांडण नाही, पण ऑपरेशन "कधीच नको" असंही कुणी समजू नये.

माझ्या आईची गाठ फुटली. गावाकडे फुटली म्हणतात म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. कातडी आधी लाल, मग निळसर, चकचकीत ताणलेली, मग एके सकाळी ब्लाउजला डाग. नंतर वास. आम्ही कापूर ठेवला, उदबत्त्या लावल्या, काही उपयोग नाही. आई माजघरातून उठून मागच्या पडवीत जाऊन झोपायला लागली. नातवंडांना जवळ घेईना. फुप्फुसात आजार होता, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. वासाचं वाटत होतं.

एका नर्सताईंनी शिकवलं. जखम सलाईनने धुवायची, कापूस चोळायचा नाही, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून त्याची पूड भुरभुरायची, वर न चिकटणारं ड्रेसिंग. दोन-तीन दिवसांत वास निम्मा झाला. पण रक्त थांबेना, तेव्हा सर्जननी गाठ काढली. त्यांनी सरळ सांगितलं होतं, याने आयुष्य वाढणार नाही, दिवस बरे जातील. तसंच झालं. आई पुढे वर्षभर होती, आणि ते वर्ष माजघरात होती. त्या ऑपरेशनसाठी मी त्या डॉक्टरांचे आजही पाय धरीन.

गावठी_डॉक्टर

ओपीडी संपली. तिरफळ यांनी लिहिलं ते पुस्तकात द्यावं असं आहे. या ऑपरेशनला, म्हणजे नुसतं स्वच्छतेसाठी स्तन काढण्याला, आम्ही सर्जन लोक आपसात टॉयलेट मॅस्टेक्टॉमी म्हणतो. टाटाच्या चाचणीतही बिनऑपरेशनच्या गटातल्या सुमारे १० टक्के बायकांची गाठ नंतर अशा त्रासासाठी काढावीच लागली. उलटून वाचा, म्हणजे दहातल्या नऊ जणींना ती वेळ आली नाही. म्हणून आमचं धोरण असं, की आधी औषध, गाठीवर लक्ष, कातडी लाल होऊन ताणायला लागली किंवा पाझरायला लागली तर लगेच दाखवा. फुटायची वाट बघू नका. फुटलेली गाठ काढताना कातडी पुरत नाही, मांडीची लावावी लागते.

या आजारात सर्जनची गरज खरी लागते ती भलतीकडेच, आणि त्याबद्दल घरी कुणी भांडत नाही.

मणका. मणक्यातला आजार वाढून मज्जारज्जूवर दाब आला तर पाय लुळे पडतात, लघवी अडते. तिथे एक-एक तास मोलाचा. २००५ साली पॅचेल यांची चाचणी आली, वेगवेगळ्या कॅन्सरच्या रुग्णांची. ऑपरेशन करून मग रेडिएशन दिलेल्यांतले ८४ टक्के चालू शकले, नुसत्या रेडिएशनने ५७ टक्के. ताईंच्या दोन मणक्यांत आजार आहे, तेव्हा पायात मुंग्या, जडपणा, चालताना तोल जाणं, लघवी तुंबणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच गाडी काढायची. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ करून ठेवा.

मेंदू. एकच गाठ असेल, जागा सोयीची असेल तर काढतात, मग रेडिएशन.

आणि अंडाशय. हे ताईंना लागू नाही, त्यांची पाळी केव्हाच गेली असणार. पण वाचणाऱ्यांत तरुण कुणी असेल तर: हार्मोन पॉझिटिव्ह आजारात पाळी चालू असेल तर अंडाशय बंद पाडावे लागतात. इंजेक्शन घ्या किंवा दुर्बिणीतून काढून टाका. ही कल्पना नवी नाही. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसननी १८९६ साली अंडाशय काढून पसरलेला स्तनाचा आजार उतरवून दाखवला होता, तेव्हा हार्मोन हा शब्दही वापरात नव्हता! ज्यांना महिन्याच्या महिन्याला इंजेक्शनसाठी शहरात येणं जमत नाही, त्यांना मी आजही हे सुचवतो. गाठीला हात न लावता गाठीवर केलेलं ऑपरेशन.

पावशेर

पसरलेला आजार एकाच ठिकाणी असेल तर? म्हणजे छातीतली गाठ आणि हाडातली एक गाठ, दोन्ही उडवल्या की झालं, असं एका व्हिडिओत पाहिलं.

आकडेमोड

कल्पना जुनी आणि आकर्षक आहे. अमेरिकेत एनआरजी-बीआर००२ नावाची चाचणी झाली. ज्यांच्या शरीरात मोजकेच ठिपके होते अशा १२५ जणी घेतल्या, निम्म्या जणींना औषधाबरोबर प्रत्येक ठिपक्यावर नेमकं रेडिएशन किंवा ऑपरेशन. २०२२ साली निकाल आला, आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ काही लांबला नाही. मोजक्या काही जणींना फायदा होत असेल, नाही असं नाही. पण त्या कोण हे आधी ओळखता यायला हवं. व्हिडिओवाल्यांना बहुतेक ते ओळखता येत असावं.

भुईशेंग

मी आपलं बोलून गेलो, राग नसावा. एक विचारतो, या गोळ्या महाग असतात ना? किती दिवस घ्यायच्या?

गावठी_डॉक्टर

राग कसला. जोवर काम करतायत आणि सोसतायत, तोवर घ्यायच्या. महाग आहेत. पाल्बोसिक्लिब ही रायबोसिक्लिबच्याच जातीची गोळी, तिचं पेटंट भारतात २०२३ साली संपलं आणि आपल्या कंपन्यांच्या गोळ्या आल्या, तेव्हा किमती चांगल्याच उतरल्या. परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही, ते पर्याय बघतात. अर्धवट घेऊन मधेच बंद करणं सगळ्यात वाईट. टाटामध्ये समाजसेवा विभाग आहे, तिथे फाइल घेऊन बसा. महात्मा फुले योजनेचंही तिथेच विचारा.

आणि अण्णांना एक आकडा सांगा. रायबोसिक्लिब आणि लेट्रोझोल एकत्र घेतलेल्या, पाळी गेलेल्या बायकांच्या चाचणीत निम्मं आयुष्यमान ६३.९ महिने निघालं, नुसत्या लेट्रोझोलने ५१.४. म्हणजे निम्म्या बायका पाच वर्षांच्या पुढे गेल्या. "ऑपरेशन नको" म्हणजे "हात टेकले" असं अण्णांना वाटत असणार, बहुतेकांना तसंच वाटतं. भांडण खरं तिथे आहे.

रानजाई

डॉक्टर, नेमकं तेच होतं! काल मी आणि नवरा गावी गेलो. ताईंशी दार लावून बोललो. आजाराचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय. कागदावर लिवलंय की." मग म्हणाल्या, टाटाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट समजावलं होतं, घरच्यांनाच ऐकायचं नव्हतं. त्यांना ऑपरेशन नको आहे. गोळीने मळमळतं तेवढं बघा म्हणाल्या.

अण्णांना वडाच्या पारंब्यांचं सांगितलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, डॉक्टर कुठल्या गावचा?

जिल्ह्याच्या सर्जनना दिरांनी फोन करून तारीख रद्द केली. ते म्हणाले, "तुमची मर्जी." ठीक आहे.

अबोली

ताईंना माझा नमस्कार सांगा. मळमळीसाठी जेवणानंतर गोळी घेऊन बघा, नाहीतर त्यांच्या डॉक्टरांना विचारून आधी उलटीची गोळी. दुसरी कुठलीही औषधं, अगदी सर्दीची सुद्धा, न विचारता नको.

गावठी_डॉक्टर

अनुमोदन. रायबोसिक्लिबने काही जणांच्या हृदयाच्या ठोक्यात फरक पडतो, म्हणून सुरुवातीला ईसीजी सांगतात तो चुकवू नका. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, त्याचीही तपासणी वेळच्या वेळी. ताप आला तर घरच्या घरी नाही. हाडांच्या इंजेक्शनआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवलंत ना? नंतर दात काढायची वेळ आली तर कधी कधी जबड्याचं हाड भरत नाही.

आणि मघाशी मणक्याच्या नादात खुबा राहिला. डाव्या खुब्यात आजार आहे असं तुम्ही लिहिलंय. मांडीच्या हाडाचा वरचा भाग पोखरला असेल आणि पाय टेकताना दुखत असेल, तर मोडायच्या आधी आत रॉड घालून घ्यावा लागतो. मोडल्यावर घालण्यापेक्षा ते कितीतरी सोपं. हाडांच्या सर्जनना दाखवलंय का?

रानजाई

नाही! ते कुणी बोललंच नाही, किंवा बोलले असतील तर आमच्या या ऑपरेशनच्या भांडणात राहून गेलं. पाय टाकताना त्या थोड्या लंगडतात. परवा तर आडावरून घागर आणत होत्या.

गावठी_डॉक्टर

घागर आजपासून बंद. उकिडवं बसणं बंद. काठी उजव्या हातात, डाव्या नाही. उद्या कराडला पूर्ण मांडीच्या हाडाचा एक्स-रे काढा, नुसत्या कमरेचा नको, आणि त्याचा फोटो टाटाच्या डॉक्टरांना पाठवा. रिपोर्ट आला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.